मँचेस्टरच्या विणकऱ्यांची वनस्पतिमंडळे

गेल्या माघातील आमच्या मासिक सभेस एक सभासद लसूणघासाची जुडी घेऊन आले होते. घासाच्या कांड्यांभोवती पिवळसर, केसासारख्या बारीक तंतूंचे जाळे गुरफटले होते. ते पाहताच ‘ही तर अमरवेल’ असे बहुतेकांनी एकमुखाने सांगितले. नाव सापडले म्हणजे विषय संपला, असे मानून सभा पुढील कामाकडे वळणार, इतक्यात एका वृद्ध सभासदांनी शंका काढली की, कुंपणाच्या बोरीवर सुतळीसारखी जाड अमरवेल असते ती हीच काय? हीच असेल, तर ती बोरीवरून घासात उतरली असली पाहिजे. आणि ही नसेल, तर ती आली कोठून? या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणासही देता आले नाही.

पुढे जाणत्या माणसांकडे चौकशी केली तेव्हा कळले की, बोरीवरची अमरवेल व घासावरची अमरवेल या एकाच कुळातील दोन निराळ्या जाती होत. पहिली आपल्या देशातील जुनी. दुसरी मूळची अमेरिकेतील, आणि ती बहुधा घासाच्या बियाण्यात मिसळूनच शेतात येते. परंतु हे कळेपर्यंत व्हावयाचे ते नुकसान होऊन चुकले होते. त्या सभासदांनी वेल कुंपणावरून उतरला असे समजून बोरी तोडल्या, आणि घासातून ओरबाडलेले तंतू शेजारच्या वाफ्याच्या बांधावर टाकले. या वेलाचा बोटभर तुकडाही हिरव्या कांडीस टेकला तर पुन्हा तिला शोषके रोवून वाढू लागतो, हे त्यांस ठाऊक नव्हते. दोन्ही वाफे शेवटी नांगरून टाकावे लागले. ज्या दुकानातून बियाणे आणले होते, त्या दुकानदाराने कानावर हात ठेवले. आणि आपण त्यास बियाणे दाखवून जाब विचारावा, तर विचारावयाचे काय हेच आपणांस वेळेवर ठाऊक नव्हते.

एका नावाखाली अनेक वनस्पती नांदाव्यात, ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. कोकणच्या किनाऱ्यावर झुडपांवर पसरणाऱ्या आणखी एका वेलास अमरवेलच म्हणतात. दिसण्यात ती या दोघींची सख्खी बहीण. परंतु वनस्पतिशास्त्र सांगते की, या दोघी रताळ्याच्या भाऊबंदांपैकी, तर ती दालचिनीच्या. शंखपुष्पी म्हणून वैद्यांच्या पिशवीत निदान तीनचार निरनिराळ्या वनस्पती जातात. उलट, बांधावर बारा महिने फुलणाऱ्या एकाच क्षुद्र रोपट्यास कोणी एकदांडी म्हणतो, कोणी दगडी पाला, कोणी कंबरमोडी. गावापुरते हे चालते. दोन गावांचे शेतकरी एकत्र बसले, की एकमेकांचे बोलणे कळेनासे होते.

या अडचणीवर उपाय काय, असा विचार करीत असता आम्हांस एका परक्या देशातील गरीब लोकांची आठवण झाली. त्यांची हकीकत वाचकांपुढे मांडावी, हाच या लेखाचा हेतू आहे. हे लोक शेतकरी नव्हते, पंडितही नव्हते. इंग्लंडातील लँकेशायर प्रांतात, मँचेस्टर शहराच्या आसपासच्या खेड्यांत हातमागावर कापड विणणारे, जोडे शिवणारे, वखारीत गठ्ठे बांधणारे असे ते कामकरी होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी गावोगाव वनस्पतिमंडळे चालविली, आणि त्यांतील कित्येकांची विद्वत्ता अशी होती की, सर विल्यम हूकर यांच्यासारखे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांजशी पत्रव्यवहार करीत.

मंडळ भरे ते रविवारी, आणि गावच्या मद्यगृहात. हे वाचून आमच्या काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. तिकडील धर्मनिष्ठ मंडळींच्याही पडत असे. परंतु विणकऱ्यास सहा दिवस मागावरून उठता येत नसे. रविवार तेवढा त्याचा. आणि बैठकीस खोली पाहिजे तर ती भाड्यावाचून मद्यगृहातच मिळे, कारण पेयाच्या विक्रीत मालकाचे भाडे निघे. सभासदांनी दरमहा थोडी वर्गणी द्यावी, तिचा काही भाग पेयाकडे व काही भाग पुस्तकांकडे जावा, अशी व्यवस्था होती. त्या काळी वनस्पतिशास्त्राचे एक चांगले पुस्तक घेणे एकट्या विणकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पंधरावीस जणांनी मिळून ते घ्यावे आणि सर्वांनी पाळीपाळीने वाचावे, हाच त्यावर तोडगा होता. मद्याची तरफदारी आम्ही करीत नाही. आमच्या सभा चावडीत भरतात आणि चहावर भागते.

बैठकीचा खरा गाभा म्हणजे खोलीतील मोठे टेबल. सभासदाने येताना रानातून, खंदकाच्या काठाने, कुरणातून जे नवे दिसेल ते उपटून आणावे आणि टेबलावर ठेवावे. अध्यक्षाने एकएक रोप उचलावे, त्याचे नाव सांगून डाव्या हाताच्या माणसाकडे द्यावे, त्याने ते पुढे द्यावे, असे करीत रोप सबंध खोलीभर फिरे. प्रेस्टविच येथील मंडळाचा अध्यक्ष जॉन हॉर्सफील्ड याने या रीतीतील एक दोष हेरला. लॅटिन नाव एकाने दुसऱ्याच्या कानात सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, असे होता होता शेवटच्या माणसापाशी पोहोचेपर्यंत त्याचे पार वाटोळे होई. शिवाय प्रत्येक जण बोलत असल्याने खोलीत कालवा माजे. म्हणून हॉर्सफील्डने असे ठरविले की, अध्यक्षाने आधी सर्वांस गप्प बसवावे आणि मग नाव मोठ्याने उच्चारावे. गोष्ट लहान दिसते. परंतु आमच्याकडील सभांत जे पाच-सहा जण एकाच वेळी बोलतात, त्यांच्याकडे पाहून हॉर्सफील्डची ही सुधारणा आम्हांस फार मोठी वाटते.

हा हॉर्सफील्ड १७९२ मध्ये जन्मला आणि १८५४ मध्ये वारला. जन्मभर तो हातमागावर बसला. त्या काळी लिनीअस या स्वीडिश पंडिताने केलेले वनस्पतींचे चोवीस वर्ग सर्वत्र मानले जात. हॉर्सफील्डने ते चोवीस वर्ग एका कागदावर लिहून काढले आणि तो कागद मागाच्या खांबास लावला. धोटा इकडून तिकडे जाई आणि नजर खांबाकडे. अशा रीतीने ते त्याने पाठ केले.

लिनीअसची पद्धत अशा माणसास साधण्याजोगी होती, याचे कारण ती बहुतांशी मोजण्याची पद्धत होती. फूल उघडावे, त्यातील पुंकेसर, म्हणजे पराग धारण करणाऱ्या काड्या, मोजाव्या आणि वर्ग ठरवावा. वाचकांनी हा प्रयोग आपल्या शेतात अवश्य करून पाहावा. मोहरीचे फूल घ्या: सहा पुंकेसर सापडतील, पैकी चार लांब व दोन आखूड. हरभऱ्याचे किंवा तुरीचे फूल घ्या: दहा पुंकेसर, त्यांतील नऊ एकमेकांस जडलेले आणि दहावा मोकळा. कापसाचे फूल व भेंडीचे फूल शेजारी ठेवून चिरा: दोहोंतही सर्व पुंकेसर मिळून एक नळी झालेली असते. कापूस आणि भेंडी हे एकमेकांचे नातलग आहेत, हे ज्याने स्वतःच्या नखाने एकदा पाहिले, त्यास भेंडीवरील बोंडअळी कपाशीवर का जाते याचे नवल वाटणार नाही.

या पद्धतीत उणिवाही होत्या. गव्हाच्या फुलात तीन पुंकेसर व भाताच्या फुलात सहा, एवढ्यावरून लिनीअसने ही दोन धान्ये निरनिराळ्या वर्गांत टाकली. दोन्ही तृणेच होत, हे शेतकऱ्याचे पोरही सांगेल. पुढे शास्त्रज्ञांनी ती वर्गवारी सोडून सर्व अवयवांच्या साम्यावरून कुळे ठरविली, आणि आता तर वनस्पतीच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेने नाती तपासली जातात. तथापि जातीस दोन शब्दांचे एक नाव द्यावयाचे, ही लिनीअसची रीत आजही जगभर चालू आहे, आणि विणकऱ्यांनी कवटाळली ती मुख्यतः हीच रीत. ऑल्डहॅमचा विणकरी व प्रेस्टविचचा विणकरी आपापल्या बोलीत एकाच फुलास भिन्न नावे देत. लॅटिन नाव सांगितले की, दोघांस एकच फूल दिसे. पंडितांची भाषा येथे गरिबांच्या सोयीची ठरली.

या मंडळींपैकी दोघातिघांची ओळख करून दिल्यावाचून पुढे जाववत नाही. रिचर्ड बक्सटन हा १७८६ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. परंतु तो लहान असतानाच वडिलांच्या हातून शेत गेले आणि कुटुंब मँचेस्टरात आले. मुलांचे जोडे शिवण्याचा धंदा त्याने पत्करला. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्यास वाचता येत नव्हते. मग तो स्वतःच शिकला. १८२६ मध्ये कर्सल मूर नावाच्या माळावर तो वनस्पती धुंडीत असता दुसरा एक माणूस तेच करताना त्यास दिसला. तो हॉर्सफील्ड. त्या भेटीनंतर बक्सटन मंडळांत मिसळला, आणि १८४९ मध्ये मँचेस्टरच्या भोवती सोळा मैलांच्या टापूत आढळणाऱ्या वनस्पतींची मार्गदर्शिका त्याने छापून प्रसिद्ध केली. तिच्यात त्याने जमीनदारांस विनंती केली आहे की, रानातून जाणाऱ्या जुन्या पायवाटा बंद करू नका, गरिबास फुले पाहण्यास दुसरी वाट नाही. स्वतः शेत गमावलेल्या माणसाची ही विनंती आमच्यासारख्या बांध राखून असणाऱ्यांनी जरा थांबून वाचावी.

एडवर्ड हॉब्सन (१७८२ ते १८३०) हा मॉस गोळा करी. मॉस म्हणजे पावसाळ्यात भिंतींवर व खडकांवर मखमलीसारखी पसरणारी बारीक वनस्पती. तिचे शेकडो प्रकार त्याने ओळखले, आणि १८१८ ते १८२२ या काळात खरे वाळविलेले नमुने पानापानावर चिकटवून दोन खंड तयार केले. जॉर्ज केली हा घोड्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. घोड्यांच्या औषधांचे एक जुने पुस्तक त्याच्या हाती आले. त्यातील पाले कोणते हे शोधू लागला, आणि त्या शोधात वनस्पतिशास्त्री झाला. पुढे सर जोसेफ बँक्स यांनी १८०० मध्ये त्यास ऑस्ट्रेलियात पाठविले आणि दहा वर्षे त्याने तेथील वनस्पती धाडल्या. बैलाच्या खांदसुजीवर पाला शोधणाऱ्या आमच्या वाचकांस या केलीविषयी आपलेपणा वाटेल, अशी आमची खात्री आहे.

ही मंडळे कायम का टिकली नाहीत? मुख्य कारण पोटाचे. वाफेच्या मागाने हातमाग बसविला. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांच्या स्वस्त कापडाने आमच्याकडील कोष्ट्यांस व साळ्यांस देशोधडीस लावले, त्याच गिरण्यांनी हॉर्सफील्डच्या भाऊबंदांसही उपाशी पाडले. ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. १८४८ मध्ये एलिझाबेथ गॅस्केल बाईंनी मँचेस्टरच्या मजुरांवर आपली ‘मेरी बार्टन’ ही कादंबरी लिहिली, तिच्यात अशा विणकरी शास्त्रज्ञांचा उल्लेख आहे. मंडळांतही दोष होतेच. स्त्रियांस त्या बैठकींत जवळजवळ स्थान नव्हते. आपल्याकडे निंदणीस बसणाऱ्या बायकांस तणाची जितकी ओळख असते तितकी पुरुषांस नसते हे लक्षात घेता, त्यांची ही चूक आपण तरी करू नये.

आता आपल्याकडे पाहू. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या संस्था आपल्याकडे नाहीत असे मुळीच नाही. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये आठ गृहस्थांनी स्थापिली; त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, आणि सखाराम अर्जुन यांनी त्याआधीच, १८७९ मध्ये, मुंबईतील औषधी द्रव्यांची यादी प्रसिद्ध केली होती. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लिहिला. इलाख्यातील गवतांवर ब्लॅटर व मॅककॅन यांचा ग्रंथ १९३५ मध्ये निघाला. मारवेल, शेडा, पवना, कुसळी यांचे वर्णन त्यात जितके बारकाईने आहे तितके आपण जन्मभर ती गवते कापून केलेले नाही. उणीव आहे ती ग्रंथांची नव्हे. हे ज्ञान टेबलावर आले नाही, ही उणीव आहे.

याचे उदाहरण प्रत्येकाच्या बांधावर उभे आहे. ज्यास आपण गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो, आणि जे मुळी गवतच नव्हे, ती पार्थेनियम नावाची अमेरिकन वनस्पती पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास आढळली. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी तिची नोंद वर सांगितलेल्या मुंबईच्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. म्हणजे तण मूठभर जागेत होते तेव्हाच त्याचे खरे नाव छापून झाले होते! परंतु ते इंग्रजी नियतकालिकात राहिले. ज्याच्या उकिरड्याशेजारी ते पांढरे फूल प्रथम डोलले, त्यास ते उपटून टाकावे असे सांगणारे कोणी भेटले नाही. एका झाडास हजारोंनी बी येते. पुढे ते देशभर पसरले, अंगास खाज व फोड येण्याच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि १९८३ मध्ये त्याची पाने खाणारे भुंगेरे मेक्सिकोहून आणावे लागले. भुंगेरे पावसाळ्यात बरे काम करतात. परंतु तण अद्याप आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

याच १९५६ सालची दुसरी गोष्ट पाहा. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना संस्थानात मक्याची शेते सुकू लागली होती. कोणी म्हणे पाणी कमी, कोणी म्हणे जमिनीत कस नाही. भारतातून तेथे शिक्षणास गेलेल्या एका विद्यार्थ्याने मक्याच्या बुंध्याशी उगवलेले लहानसे फुलझाड पाहिले आणि ते ओळखले. ते आपल्या ज्वारीवरील टारफुल्याच्या गोत्रातील होते. तेथील तज्ज्ञांनी ते झाड आपल्या शेतात कधी पाहिलेच नव्हते. या मुलाने ते घरी पाहिले होते. दुसऱ्याच वर्षी त्या सरकारने बंदोबस्त सुरू केला, बाधित भागातून माती व माल हलविण्यास निर्बंध घातले, आणि चार लाख एकरांवर पसरलेले ते परोपजीवी तण पुढील काही दशकांत काही हजार एकरांवर आणून सोडले.

टारफुल्याची खोड अशी की, त्याचे धुळीसारखे बारीक बी जमिनीत दहा-पंधरा वर्षे निपचित पडून राहते. ज्वारीच्या मुळांतून पाझरणारा रस लागला म्हणजेच ते जागे होते, मुळास चिकटते, आणि जमिनीवर दिसण्यापूर्वीच ज्वारीचा जीव अर्धा शोषून घेते. वर फूल दिसल्यावर उपटून त्या साली विशेष उपयोग नाही. उपयोग पुढील दहा सालांस आहे, कारण एका झाडाचे हजारो बी जमिनीत पडावयाचे वाचते. तंबाखूवरील बंबाखूही असाच मुळावर जगतो, परंतु तो निराळ्या गोत्राचा आहे. दोघांस एकच समजून एकाच्या उपायाने दुसरा जाईल अशी अपेक्षा धरणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत.

म्हणून आमच्या संस्थेच्या चालकांनी असे ठरविले आहे की, येत्या श्रावणापासून मासिक सभेच्या आधी एक तासभर चावडीत टेबल मांडावे, आणि हॉर्सफील्डच्या रीतीने एकएक वनस्पती उचलून तिचे नाव सर्वांस ऐकू जाईल असे सांगावे. नाव सांगण्यास जवळच्या शेतकी शाळेतील एक शिक्षक यावयाचे आहेत. ज्याचे नाव त्यांसही येणार नाही, ते वाळवून पुणे येथे १९५५ पासून असलेल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे चौकशीस पाठविण्यात येईल. टेबलाशी कोणी ‘आमच्या गावात याला अमुक म्हणतात’ असे म्हटले तर ते नावही वहीत उतरावे, कोणाचे हसू करू नये. सुना-लेकींस निंदणीत जे तण नवे दिसले असेल ते त्यांनीच आणावे, किंवा त्यांचे नाव सांगून कोणाबरोबर धाडावे.

नमुना आणण्याची रीत सोपी आहे. रोप मुळासकट उपटावे. फूल असावे, आणि फळ धरले असेल तर फारच उत्तम. नुसत्या पाल्यावरून नाव सांगणे हे नुसत्या पागोट्यावरून माणूस ओळखण्यासारखे आहे. गवत फुलोऱ्यावाचून आणूच नये. शेडा आणि पवना कोवळेपणी एकमेकांपासून निराळे काढताना भले भले चुकतात. दूरच्या सभासदांनी रोप जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर पाट व पाटावर दगड ठेवावा, आणि कागद रोज बदलावा. आठदहा दिवसांत ते वाळते. शेजारी चिठ्ठी असावी: गाव, शेताचे नाव, जमीन काळी की मुरमाड, तारीख, आणि गावचे नाव. हल्ली तरुण मंडळी फोनवर छायाचित्र काढून आणतात. तेही चालेल, परंतु छायाचित्रास मूळ नसते, आणि टारफुल्याचे सारे कारस्थान मुळाशी आहे.

पहिल्या टेबलास प्रत्येकाने निदान तीन वनस्पती आणाव्यात: ज्वारीत काही उगवलेले दिसले तर ते ज्वारीच्या मुळासह, ओला मातीचा गड्डा तसाच ठेवून, कुंपणावरची अमरवेल, ती ज्या झाडावर असेल त्याच्या फांदीसह, आणि आपल्या बांधावरचे असे एक रोप, ज्याचे नाव घरात कोणासही सांगता येत नाही. टारफुला किंवा घासावरील अमरवेल आणताना पिशवीचे तोंड घट्ट बांधावे, आणि सभा संपल्यावर ती रोपे चावडीच्या मागील खड्ड्यात जाळावयाची आहेत. कोणीही घरी परत नेऊ नयेत.